हत्ती बांधला होता तिथून

गाडी चालवायला शिकलो त्याच्या आधीपासून मला मानाग्वा शहर पाठ होतं. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहेच. एकतीस वर्षं मी ॲम्ब्युलन्स चालवली, आणि तीही अशा शहरात जिथं घरांना नंबर नाहीत आणि रस्त्यांना नावं नाहीत. पत्ता सांगायचा तो एखाद्या खुणेपासून. 'गिरणीपासून दोन गल्ल्या तळ्याकडे, अर्धी गल्ली वर.' वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, खाली म्हणजे मावळतो तिकडे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खूण पडली, जळली, कुणी विकून टाकली, तरी पत्ता बदलत नाही. 'गिरणी होती तिथून' म्हणायचं, झालं. बहात्तरच्या भूकंपानं अर्धं शहर आडवं केलं, पण पत्त्यांमध्ये ते अजून उभं आहे. ते न दिसणारं शहर माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, असं मी मानायचो. आणि अशा माझ्यासमोर सत्त्याण्णवच्या जानेवारीत एक बावीस वर्षांची चष्मेवाली पोरगी चपलांचं रिकामं खोकं घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी तुमचे पत्ते लावून द्यायला आलेय.

आमचं केंद्र स्वयंसेवकांचं. दोन गाड्या, एक फोन, एक कुरकुरणारा पंखा. प्रमुख होते दॉन रामिरो (मानाच्या माणसाला आम्ही दॉन म्हणतो, बाईला दोन्या), पोटानं मोठे आणि मनानंही. त्यांनीच ओळख करून दिली. "ही निनोस्का मायरेना. विद्यापीठातून माहितीशास्त्र शिकून आलीय. सहा महिने आपल्याकडे असेल."

"कसलं शास्त्र?" मी विचारलं.

"माहितीशास्त्र," ती म्हणाली.

"माहितीच हवी तर मला विचार ना पोरी. रोज याच बाकड्यावर बसलेला असतो. फुकट सांगतो."

सगळे हसले. तिनं चष्मा वर सारला. "मग विचारते, दॉन एवेलिओ. निळं घर होतं तिथून तीन गल्ल्या डोंगराकडे. कुठं जाल?"

"कुठलं निळं घर? निळी घरं पाच होती."

"बरोबर. तेच लिहायला आलेय."

मला ती तिथल्या तिथंच नावडती झाली. त्या दिवसापासून मी तिला 'पदवीबाई' म्हणायला लागलो, आणि तिनं एकदाही वाईट वाटून घेतलं नाही, त्याचा मला आणखी राग यायचा.

तिची आई दोन्या त्रान्सितो दर शनिवारी नाकातामाल करून विकायची: मक्याचं पीठ, डुकराचं मांस, केळीच्या पानात बांधून उकडलेलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून कुठल्या घरी किती पोचवायचे, हे निनोस्का सात वर्षांची असल्यापासून वहीत लिहून ठेवायची. एकाच घराला चार बायका चार नावांनी ओळखायच्या, आणि ही चारही नावं लिहून त्यांना रेघेनं जोडायची. पुढं ती माहितीशास्त्राला जाते म्हणाली तेव्हा गल्लीनं नाक मुरडलं. "पाच वर्षं शिकून पुस्तकांवरची धूळ झटकणार? ती मी रोज झटकते, मला कुणी पदवी दिली नाही!" हे शेजारणीचं. आईला तिनं औषधांच्या दुकानात बसावं असं वाटत होतं, कारण तिथं गारवा असतो.

विद्यापीठातल्या पहिल्या तासाची गोष्ट तिनं मला नंतर सांगितली. बाईंनी टेबलावर एक मातीचं भांडं ठेवलं आणि म्हणाल्या, हे शोधायचं झालं तर कुठल्या शब्दानं शोधाल, ते चिठ्ठीवर लिहा. एकोणीस मुलं, अकरा शब्द. "यातला एकही शब्द चूक नाही," बाई म्हणाल्या, "आणि भांडं एकच आहे. अकराही शब्दांनी शोधणाऱ्यांना त्याच भांड्यापाशी नेऊन पोचवायचं, हे तुमचं आयुष्यभराचं काम." त्या एकोणीस जणांपैकी ग्रंथालयात गेले फक्त दोघं. एकजण वर्तमानपत्राच्या जुन्या फोटोंचा धनी झाला, एकीनं इस्पितळातले रोग्यांचे कागद हाती घेतले, एकजण कोर्टात गेला. एक तर शेतकी केंद्रात घेवड्याच्या बियांची नावं लावत बसते; एकाच बीला डोंगरात एक नाव आणि किनाऱ्यावर दुसरं. निनोस्काला एका बँकेनं कागदपत्रांच्या विभागात बोलावलं होतं. ती नाही म्हणाली आणि आमच्या पंख्याखाली येऊन बसली. आई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही.

कामाची तिची रीत अशी. प्रत्येक जागेचं एक मुख्य कार्ड. लोक त्या जागेला आणखी ज्या ज्या नावानं ओळखतात, त्या प्रत्येक नावाचं वेगळं कार्ड, आणि त्यावर फक्त 'अमुक कार्ड पाहा'. उभ्या खुणेला पांढरं कार्ड, गेलेल्या खुणेला राखाडी. फेब्रुवारीतच राखाडी कार्डं पांढऱ्यांच्या दुप्पट झाली. दर शनिवारी ती आईचे दहा-बारा नाकातामाल घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यावर जाऊन बसायची. एक नाकातामाल दिला की म्हातारी एक अख्खा रस्ता उभा करायची. फोन घेणाऱ्यांनाही तिनं दोन प्रश्न पाठ करायला लावले: तुमचं वय काय, आणि उभ्या आहात तिथून समोर काय दिसतं. "बाईचं वय विचारतेस? एक दिवस फोनमधून चप्पल येईल," मी म्हणायचो. ती म्हणायची, "भूकंपाआधी जन्मलेल्यांचं शहर वेगळं आहे आणि नंतरच्यांचं वेगळं, दॉन एवेलिओ. कुठल्या शहरातून बोलताहेत ते कळायला नको?"

एकदा मी तिची चांगली जिरवायची ठरवली. तोंड अगदी गंभीर करून म्हणालो, "पदवीबाई, एक खूण तुझ्याकडे नसेल. हत्ती बांधला होता ती जागा." मानाग्वात हत्ती! बाकीच्यांनी हसू आवरायला पाठ फिरवली. तिनं शांतपणे लिहून घेतलं. तीन दिवसांनी आली आणि माझ्यासमोर राखाडी कार्ड ठेवलं.

"हत्ती होता," ती म्हणाली. "अठ्ठावन्न साली सर्कस आली होती. त्यांचा हत्ती आजारी पडला, म्हणून चार महिने जुन्या बर्फाच्या कारखान्यामागं बांधून ठेवला होता. दोन म्हाताऱ्या अजून तिथूनच पत्ता सांगतात. तुम्हाला कसं कळलं?"

मी तर नुसती थाप मारली होती. "आम्हाला सगळं माहीत असतं," म्हणालो आणि गाडी धुवायला निघून गेलो.

एप्रिलमध्ये परदेशातल्या कुणा दानशूर लोकांकडून एक संगणक येणार असल्याची बातमी आली. सोबत शहराचा नकाशाही होता आणि एक इंजिनियरही, विल्फ्रेदो नावाचा, इस्त्री केलेल्या शर्टाचा सज्जन मुलगा. केंद्राच्या समितीतले दोघं हरखून गेले. दॉन रामिरोंनी निनोस्काला बोलावून सरळ सांगितलं: जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक फोन दोघांनाही द्यायचा, मशीनला आणि कार्डांना. समितीला मशीन पुरेसं वाटलं तर तिची जागाही जाईल आणि कार्डंही. खोली एकच होती, टेबलही एकच.

"कार्डं कुठं जातील?" तिनं विचारलं.

"बाळा, तुझ्या घरी ने."

"घरून ॲम्ब्युलन्स निघत नाही," ती म्हणाली. एवढंच बोलली आणि पुन्हा कार्डांवर वाकली. मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. मशीन आलं तर तेही माझ्यासारखं ऐटीत बसेल, निदान मला प्रश्न तरी विचारणार नाही.

मे महिन्यात एका दुपारी ती जेवायला बाहेर गेली होती. तिची चूक काढायला म्हणून मी 'चिंच'चा कप्पा उघडला. चिंच म्हणजे माझी खास खूण. कातडी कमावायच्या कारखान्याजवळचं ते झाड मी लहानपणी चढलेलो. बघतो तर चिंचेची दोन कार्डं. एक माझी. दुसरी तळ्याच्या वरच्या अंगाची, रस्ता रुंद करताना तोडलेली. त्याखाली तिच्या बारीक अक्षरात: 'बोलणारा वरच्या वस्तीतला असेल तर दुसरी चिंच. १४ ऑगस्ट ८६ची नोंद पाहा.'

मी जुनी नोंदवही काढली. युद्धाचे दिवस होते ते, पेट्रोल मोजून मिळायचं. त्या तारखेला लिहिलं होतं: 'चिंच होती तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, अर्धी वर. पुरुष, जमिनीवर पडलेला. चाळीस मिनिटं शोधलं. पत्ता खोटा.' खाली सही माझी, एवेलिओ सेकेइरा. अक्षर चांगलं ठसठशीत होतं. तो दिवस मला आठवला. मी चिडून परत आलो होतो, पोरं फोनवर चेष्टा करतात म्हणून दोन शिव्या हासडल्या होत्या, आणि मग भरपेट जेवलो होतो.

निनोस्का परत आली तेव्हा वही माझ्या मांडीवरच होती. तिनं पाहिलं आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"फोन कुणी केला होता?" मी विचारलं.

"मी. अकरा वर्षांची होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून केला."

"आणि तो माणूस?"

"माझे बाबा. दोन तासांनी शेजाऱ्यांनी टरबुजांच्या गाडीतून नेलं. आहेत, जिवंत आहेत. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दोन-चार शब्द बोलतात." मग ती थोडं हसली. "बेसबॉलचे पंच होते ते. आमच्या मैदानावर धावणारा वेळेत शेवटच्या खुणेला येऊन भिडला की दोन्ही हात आडवे फेकून ओरडायचे, 'पोचला!' दोन गल्ल्यांवर आईला ऐकू यायचं, आता जेवायला येतीलच म्हणून ती तवा ठेवायची."

मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी भांडतो. "मग इथं का आलीस? मला शिव्या द्यायला? दे!"

"शिव्या द्यायला पाच वर्षं शिकावं लागतं का, दॉन एवेलिओ? शिव्या आईनंच भरपूर शिकवल्यात." तिनं वही माझ्याकडून घेतली. "विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षी मी तुमच्या सगळ्या वह्या वाचल्या. 'पत्ता खोटा' दोनशे बारा वेळा आहे. तुमच्या अक्षरात फक्त एकोणीस. बाकी सगळ्यांपेक्षा कमी. घरात माणूस पडलेलं असताना कुणी खोटा पत्ता सांगतं का? तो दोनशे बारा वेळा खराच होता. फक्त आपल्याकडं लिहिलेला नव्हता."

त्या दिवसानंतर मी तिला पदवीबाई म्हणणं सोडलं. सकाळी सातला येऊन बाकड्याऐवजी तिच्या टेबलाशी बसायला लागलो आणि माझ्या डोक्यातलं सगळं शहर तिला ओतून दिलं. चारशे कार्डं निघाली. त्यातली सत्तर चुकीची होती, हे तिनं तपासून सांगितलं. मी भांडलो, हरलो, पुन्हा सांगायला बसलो.

जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. विल्फ्रेदोनं मशीनवरचं कापड काढलं. सोमवार ते गुरुवार एकतीस फोन आले. मशीनला चार घरं सापडली, तीही नव्या वसाहतीतली, जिथं कुणीतरी हौसेनं नंबर रंगवलेत. निनोस्कानं सत्तावीस काढून दिली. मला वाटलं, संपलं, जिंकलो. पण समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "मशीन सुधारत जाईल. लोकांनाही नंबर लावायची सवय होईल. चपलांच्या खोक्यावर किती दिवस काढायचे?" खोकं आता नव्हतंच, लाकडाचे आठ कप्पे होते, पण त्यांना कोण सांगणार. शुक्रवारी दुपारी बारा वाजता निर्णय होता. निनोस्काची आई सकाळीच येऊन दाराबाहेर टोपली घेऊन बसली होती. "जागा गेली तर कप्पे न्यायला माणसं लागतील," ती मला म्हणाली, "म्हणून खायला आणलंय."

सव्वाअकराला फोन वाजला. समितीला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केलेला होता.

"लवकर या हो! माझ्या शेजारणीला मधमाश्या डसल्यात, तोंड सुजलंय, श्वास घेता येत नाहीये!" आवाज म्हाताऱ्या बाईचा.

"पत्ता सांगा, आजी," निनोस्का म्हणाली.

"हत्ती बांधला होता तिथून दीड गल्ली खाली!"

विल्फ्रेदोची बोटं चालली आणि थांबली. समितीतले गृहस्थ फिसकन हसले. "हत्ती? कुणीतरी चेष्टा करतंय."

मी हसलो नाही. निनोस्काच्या हातात राखाडी कार्ड होतं.

"आजी, वय किती तुमचं?"

"एक्याऐंशी! त्याचा काय संबंध?"

"दारात उभ्या राहून समोर काय दिसतं?"

"रस्त्याच्या वरच्या टोकाला कुंपणावर टायर टांगलेत, लाल रंगाचे. अगं बाई, ती निळी पडायला लागलीय गं!"

निनोस्का माझ्याकडं वळली. "जुना बर्फाचा कारखाना, आता टायरवाला. मागच्या अंगानं शिरा, पुढचा रस्ता गटारासाठी खणलाय. दीड गल्ली खाली, डाव्या हाताला." तिचं वाक्य संपेपर्यंत मी गाडीत होतो. नर्स उडी मारून मागं चढली.

सात मिनिटं लागली. लाल टायर दिसले तेव्हा मी सूर्य उगवतो तिकडं पाठ करून वळलो, आणि दीड गल्लीवर एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ॲप्रन हलवत होती. तिची शेजारीण, तोर्तिया म्हणजे मक्याच्या भाकऱ्या विकणारी बाई, उंबऱ्यावर आडवी होती, डोळे सुजून मिटलेले. नर्सनं इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. आम्ही तिघं तिच्या छातीकडं बघत राहिलो. मग ती छाती एकदा वर आली, पुन्हा आली, आणि बाईनं डोळ्याची फट उघडून पहिलं वाक्य म्हटलं, "तव्यावरची जळली का?"

मी गाडीतला रेडिओ उचलला. "घर सापडलं. बाई श्वास घेतेय. तोर्तियांची चौकशी करतेय."

तिकडून एकदम असा गलका झाला की मला रेडिओ कानापासून लांब धरावा लागला. त्यात दोन्या त्रान्सितोचा आवाज सगळ्यात वरचा होता.

इस्पितळातून परतलो तोवर बारा वाजून गेले होते. समितीतल्या गृहस्थांच्या तोंडात नाकातामाल होता, त्यामुळं ते विरोध करण्याच्या परिस्थितीत नव्हते. पण बोलला विल्फ्रेदो, आणि त्याबद्दल मी त्याला आयुष्यभर मानतो. "मशीन ठेवा," तो म्हणाला, "पण त्यात हिची कार्डं भरायची. आणि कशी भरायची ते ही सांगेल, मी नाही. हत्ती कुठं ठेवायचा हे आम्हाला शिकवलेलंच नाही." दॉन रामिरोंनी टेबलावर हात आपटला आणि जागा कायमची झाली. निनोस्का चष्मा काढून रडायला लागली. मग हसायलाही लागली. आईनं तिच्या डोक्यावर टपली मारली. "रडतेस काय, बँकेतसुद्धा एवढा पंखा नसेल!"

नोंदवही मी भरली. 'हत्ती बांधला होता तिथून दीड गल्ली खाली. सात मिनिटं. पत्ता खरा.'

पुढं काय काय झालं ते सगळ्या मानाग्वाला माहीत आहे. कार्डं चौदा हजारांवर गेली, टपालवाले आणि पाणीवाले तिच्याकडं येऊन बसायला लागले, आणि आता ती त्याच विद्यापीठात शिकवते. पहिल्या तासाला टेबलावर मातीचं भांडं ठेवते की हत्तीचं कार्ड, ते तिच्या मुलांना विचारा. मला सांगायचाय तो त्या शुक्रवारनंतरचा रविवार.

तिनं मला घरी जेवायला बोलावलं. पांढऱ्या कार्डावर पत्ता लिहून दिला: 'दुसरी चिंच होती तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, अर्धी वर.' मी स्वच्छ शर्ट घातला आणि ॲम्ब्युलन्स न घेता पायी निघालो. जिथं झाड होतं तिथं आता बसथांबा आहे. तिथून मी गल्ल्या मोजल्या.

दारात वेताच्या डोलखुर्चीत एक मोठ्या हाडाचा माणूस बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला. निनोस्का मागं उभी होती. "बाबा, हे दॉन एवेलिओ. ॲम्ब्युलन्सवाले."

मी टोपी काढली. रस्ताभर ठरवलेलं सगळं विसरलो. "मी त्या दिवशी आलो होतो," म्हणालो, "दुसऱ्याच झाडापाशी गेलो. मला माफ करा."

त्यांचे ओठ हलले, आणि मोठ्या कष्टानं एक शब्द बाहेर आला.

"उशीर."

"हो," मी म्हणालो, "अकरा वर्षं."

त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. मग डावा हात खुर्चीवरून उचलला गेला आणि त्यांनी तो जोरात आडवा फेकला, पंच फेकतात तसा, एकच हात, खांद्यापासून बोटांपर्यंत ताठ.

"पोचला!" ते ओरडले.

आवाज मोठा नव्हता, पण आत स्वयंपाकघरात दोन्या त्रान्सितोनं चुलीवर तवा ठेवल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.